उपरोधाच्या भांड्याचा मालक

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधल्या चिनी मातीच्या कारखान्यांनी एक छोटी रंगीत आकृती बरीच खपवली. तिच्यात तीन माणसे आहेत: शेतकरी, त्याची बायको आणि गावचा धर्मगुरू. त्या काळी शेतीच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यावा लागे, आणि हा धर्मगुरू दहावे डुकराचे पिल्लू न्यायला आलेला आहे. पायाशी पिल्ले आहेत, धान्याच्या पेंढ्या आहेत, मागे पानाफुलांनी लगडलेले झाड आहे. शेतकऱ्याच्या बायकोने मात्र आपले तान्हे मूल पुढे केले आहे. ते तिचे दहावे अपत्य आहे, आणि दहावा हिस्साच हवा असेल तर हेही घेऊन जा, असा तिचा रोकडा सवाल आहे. थट्टा नेमकी आहे, आणि वीतभर मातीत ती इतकी स्वच्छ उतरली आहे की पाटी वाचण्याची गरज पडत नाही. तरीही एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. ही आकृती ज्या फडताळावर विराजमान होई, त्या घरात सहसा धर्मगुरू राहत नसे. ती विकत घेणारा माणूस हसे तो दुसऱ्याला, आणि आपल्या घरात सुरक्षित बसून.

वर्तमानपत्रातले व्यंगचित्र दोन दिवसांत रद्दीत जाते. चिनी मातीच्या वस्तूचे तसे होत नाही. ती कुणीतरी पैसे मोजून घेतो, घरी नेतो, मांडतो, पुसतो, पाहुण्यांना दाखवतो आणि जमल्यास मुलाबाळांसाठी मागे ठेवतो. या माध्यमातल्या उपरोधाला वाचकापेक्षा मालक असतो. आणि मालकाजवळ वर्षानुवर्षे राहिलेली थट्टा जर सदैव इतरांचीच असेल, तर ती हळूहळू त्याच्या शहाणपणाचे प्रमाणपत्र होऊन बसते. कप, बशी, चहादाणी, बाटली, शोभेची बाहुली अशा रोजच्या वस्तूंचे रूप घेऊन समाजावर टीका करणाऱ्या मृत्तिकाकलेला आज मोठ्या संग्रहालयांत मानाची जागा आहे, सार्वजनिक पैशातून तिची खरेदी होते, आणि शेजारच्या पाटीवर ‘सामाजिक भाष्य’ एवढे लिहिले की तिची पारख पूर्ण झाली असे समजले जाते. ती पारख तिथे थांबू नये, असे माझे म्हणणे आहे. अशी कलाकृती कुणाला बोलते हे विचारण्याआधी, ती ज्याच्या घरात किंवा दालनात ठेवली आहे त्याला ती बोचते का, हे विचारले पाहिजे.

मातीची भांडी राजकारणात उतरली ती मुख्यतः छपाईमुळे. १७५६ साली लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी शपथेवर सांगितले की छापाच्या नव्या युक्तीने आपण सहा तासांत बाराशेहून अधिक टाइल्सवर चित्रे उमटवली. कोरलेल्या पत्र्यावरचे चित्र पातळ कागदावर घ्यायचे आणि तो कागद भांड्यावर दाबायचा, ही पद्धत पुढे सर्रास झाली आणि हाताने रंगवणाऱ्या कारागिराला एक बशी पुरी करायला लागणाऱ्या वेळात बश्यांची चवड तयार होऊ लागली. मग घडलेली प्रत्येक गोष्ट भांड्यावर आली. खासदार जॉन विल्क्स याच्या सरकारविरोधी नियतकालिकाच्या पंचेचाळिसाव्या अंकावरून सरकारने त्याच्यावर खटला भरला, तेव्हा नुसता ४५ हा आकडा लिहिलेली मद्यपात्रे आणि चहादाण्या बाजारात आल्या. अमेरिकी वसाहतींवर लादलेला मुद्रांक कर १७६६ मध्ये रद्द झाला, त्या सुमारास ‘मुद्रांक कायदा नको’ असे लिहिलेल्या चहादाण्या वसाहतीतल्या ग्राहकांसाठी बनवल्या गेल्या, आणि त्या बनवल्या इंग्लंडमधल्याच कारखान्यांनी. आपल्याच सरकारविरुद्धचा राग निर्यात करून नफा कमावण्यात त्यांना काही वावगे वाटले नाही. रिचर्ड ट्विस नावाच्या इंग्रज प्रवाशाने १७७५ च्या आयर्लंडभेटीवर खोचक प्रवासवर्णन लिहिले, तेव्हा तळाशी त्याचा चेहरा असलेली शौचपात्रे आयर्लंडमध्ये निघाली. पुढे नेपोलियनचा छोटा अर्धपुतळा आत बसवलेली पात्रेही इंग्लंडमध्ये बनली. हे सगळे खुमासदार आहे, आणि माझ्या मते तितकेच निरुपद्रवी आहे. पात्राचा मालक रोज नेपोलियनचा अपमान करू शकत होता, पण त्याने नेपोलियनचे काही बिघडत नव्हते आणि मालकाचेही नव्हते.

याच परंपरेतली एक वस्तू मात्र वेगळी आहे. १८२० च्या दशकात ब्रिटनमध्ये वापरात आलेली ती साधी साखरदाणी आहे. तिच्या एका बाजूवर लिहिलेले असते की आतली साखर ईस्ट इंडियाची, म्हणजे हिंदुस्थानाकडची आहे, गुलामांनी बनवलेली नाही. दुसऱ्या बाजूवर हिशेब असतो: सहा कुटुंबांनी वेस्ट इंडीजऐवजी ईस्ट इंडियाची साखर वापरली, तर एक गुलाम कमी लागतो. हा हिशेब थंडपणे मांडलेला आहे, त्यात विशेषणे नाहीत, आणि तो ज्या क्षणी वाचायचा तो क्षण फार विचारपूर्वक निवडलेला आहे, कारण वाचणाऱ्याच्या हातात तेव्हा चमचा असतो. या साखरदाणीच्या मागे मोठी चळवळ होती. १७९१ नंतरच्या पहिल्या बहिष्कारात तीन लाख लोकांनी साखर सोडली असा गुलामीविरोधी कार्यकर्ता थॉमस क्लार्कसन याचा अंदाज होता. १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार कायद्याने बंद झाला, तरी मळ्यांवरची गुलामी चालूच होती, म्हणून दुसरा बहिष्कार उभा राहिला. एलिझाबेथ हेरिकसारख्या बाईने लेस्टर शहरात घरोघर जाऊन साखर नाकारण्याचा प्रचार केला. संसदेत बायकांना मत नव्हते. स्वयंपाकघरात काय येणार, हे ठरवणे मात्र पुष्कळदा त्यांच्या हाती होते. साखरदाणीवरचा मजकूर त्या हाताशी थेट बोलतो. तो मळेवाल्याची थट्टा करत बसत नाही. साखर खाणाराच गुलाम बाळगतो, आणि तो किती बाळगतो हे अपूर्णांकात सांगता येते, एवढे तो दाखवून देतो.

पण इथेही उपरोधाची धार कुणीकडे आहे हे नीट पाहायला हवे. ज्या घरात ही साखरदाणी आली, त्या घराने बहुधा आधीच साखर बदललेली होती. त्यामुळे तिचा डंख घरच्या माणसांसाठी उरला नव्हता. तो चहाला आलेल्या पाहुण्यासाठी होता. पाहुण्याला आपल्या घरची साखर आठवावी आणि त्याने अवघडावे, हा तिचा खरा उपयोग. यजमानाला मात्र ती दर वेळी शाबासकी देत असे. शिवाय ईस्ट इंडियाची साखर ज्या मजुरांच्या श्रमातून येत होती, त्यांच्याविषयी भांड्यावर एक अक्षर नव्हते. जोसाया वेजवूड या इंग्रज कुंभाराच्या कारखान्याने १७८७ मध्ये काढलेल्या प्रसिद्ध पदकाचीही हीच गत झाली. साखळदंडात जखडलेला, गुडघे टेकून ‘मी माणूस नाही काय, बंधू नाही काय’ असे विचारणारा काळा माणूस त्यावर कोरलेला होता. १७८८ मध्ये त्या पदकांची एक खेप बेंजामिन फ्रँकलिनकडे फिलाडेल्फियाला गेली, आणि लंडनमध्ये स्त्रियांनी ती कंकणांत आणि केसांच्या पिनांत मढवून घेतली. त्या पदकाने केलेले काम मोठे आहे, ते मी कमी लेखत नाही. तरी त्यातला माणूस कायम गुडघ्यावर आहे आणि त्याला उत्तर देणारा कायम उभा आहे, ही रचना मालकाला सोयीची होती. साखरदाणीत निदान हिशेब तरी होता.

मालक बदलला की त्याच वस्तूचा अर्थ किती पालटतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण रशियातल्या पेट्रोग्रादचे, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गचे आहे. क्रांतीनंतर तिथला शाही पोर्सेलीन कारखाना सरकारी झाला आणि सर्गेई चेखोनिन यांच्या कलादिग्दर्शनाखाली तिथे घोषणांच्या बश्या रंगवल्या जाऊ लागल्या. नव्या बश्या भाजायला सामग्री अपुरी होती, म्हणून झारच्या काळातल्या कोऱ्या बश्यांचा साठा वापरला गेला. पाठीमागचे शाही चिन्ह रंगाच्या ठिपक्याखाली झाकून पुढच्या बाजूला कोयता-हातोडा आला. मिखाइल आदामोविच यांच्या १९२१ च्या सुमाराच्या बशीवर लेनिनचा चेहरा आहे, लाल तारा आहे, रेशनची कार्डे चितारलेली आहेत आणि ‘जो काम करत नाही तो खाणार नाही’ ही घोषणा आहे. तेव्हा व्होल्गाच्या खोऱ्यात भीषण दुष्काळ पडलेला होता. आणि या बश्यांवर कुणी जेवत नव्हते. त्या महाग होत्या, प्रदर्शनांत जात होत्या आणि परदेशी संग्राहक त्यांच्यासाठी पैसे मोजत होते. बनवणाऱ्यांना उपरोध अभिप्रेत नव्हता. पण रेशनकार्डाचे चित्र काढलेली जी बशी कधीही अन्नाला शिवली नाही, तिच्याइतका कडू उपरोध ठरवून करणाऱ्यांनाही क्वचितच साधला असेल.

या मुद्द्यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळता येणार नाही. उपरोध हे दुर्बळांचे हत्यार आहे, असे म्हणणारे विचारतील की मालकालाच बोचले पाहिजे हा नियम केला, तर गरिबाने आपल्या घरात आपल्यावरच हसावे काय? सत्ताधाऱ्यावर हसण्याचा त्याचा हक्क आपण काढून घेतो आहोत काय? आक्षेपात तथ्य आहे. वरून खाली केलेली थट्टा या माध्यमात भरपूर आहे. सॅक्सनीचा मंत्री काउंट ब्रूल याच्या शिंप्याला शाही मेजवानीच्या मेजावर बसायची हौस होती, म्हणून माइसेनच्या पोर्सेलीन कारखान्यातल्या केंडलर या शिल्पकाराने त्याला बोकडावर बसवून पोर्सेलीनमध्ये घडवले आणि असा तो मेजावर आला, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा रचलेली, ती ज्या मिटक्या मारत सांगितली जाते त्यावरून तिथला मालक कोण होता ते कळते. अशा थट्टेपेक्षा दहाव्या पिल्लाची आकृती केव्हाही बरी.

तरीसुद्धा या आक्षेपाला खरे उत्तर मिळते ते अमेरिकेच्या न्यू मेक्सिकोमधल्या कोचिती पुएब्लो या मूलनिवासी गावातल्या कुंभारांकडून, आणि ते माझ्या म्हणण्याला बळ देणारे आहे. १८८० मध्ये त्या भागात रेल्वे आली आणि तिच्याबरोबर व्यापारी, पाद्री, सर्कसवाले, हौशी प्रवासी आले. कोचितीच्या कुंभारांनी या नवागतांना पाहून मातीच्या उभ्या आकृत्या घडवल्या: कोट घातलेले, हात कमरेवर ठेवलेले, तोंड वासून गाणारे, फुशारकीने पोट पुढे काढलेले गोरे लोक. आणि या आकृत्या त्यांनी कुणाला विकल्या? त्याच गोऱ्या व्यापाऱ्यांना आणि प्रवाशांना, आठवण म्हणून घरी न्यायला. आपलीच नक्कल पैसे देऊन विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाला आपण काय नेतो आहोत हे बहुधा उमगले नाही, आणि संग्राहकांनी बराच काळ या आकृत्यांना प्रवाशांसाठी केलेली किरकोळ खेळणी समजून बाजूला सारले. आता कोचितीचाच वर्जिल ऑर्टिझ ही परंपरा नव्या जोमाने पुढे नेतो आहे. दुर्बळाने केलेला उपरोध मालकाच्या घरात पोचण्याचा एक मार्ग म्हणजे मालकालाच तो विकत घ्यायला लावणे. भिंतीवरच्या घोषणेला हे जमत नाही. दिवाणखान्यातल्या वस्तूला जमते.

विसाव्या शतकात रोजची वस्तू स्वतःच कलादालनात शिरली. १९१७ मध्ये मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलावंताने न्यूयॉर्कच्या एका कलावंतसंस्थेच्या प्रदर्शनाला ‘आर. मट’ या सहीने पोर्सेलीनचे मूत्रपात्र पाठवले. प्रवेशशुल्क भरणाऱ्या कुणाचीही कलाकृती नाकारायची नाही असा त्या संस्थेचा नियम होता, आणि द्युशाँ स्वतः तिच्या संचालकांपैकी एक होता. संस्थेने ती वस्तू मांडायला नकार दिला आणि आपल्याच नियमाचे आपण काय समजतो ते जगाला दाखवून दिले. इथे टीकेचा रोख घरच्यांवरच होता, म्हणूनच शंभर वर्षांनंतरही त्याची चर्चा शिळी वाटत नाही. मूळ पात्र हरवले. १९६४ मध्ये द्युशाँच्या संमतीने ज्या प्रती काढल्या गेल्या, त्या जुन्या छायाचित्रावरून मातीत मुद्दाम घडवून, मूळ पोर्सेलीनसारख्या दिसतील अशा रंगवलेल्या होत्या. कारखान्यातल्या मालाची हस्तकला झाली, आणि ती आता जगातल्या मोठ्या संग्रहालयांत जपून ठेवली आहे. या विनोदावर हसणारा माणूस त्या संग्रहालयांत फारसा भेटत नाही.

कॅलिफोर्नियाच्या रॉबर्ट आर्नेसन या मृत्तिकाशिल्पकाराने हाच धागा मातीच्या कारागिरीकडे वळवला. १९६१ मध्ये एका राज्यस्तरीय जत्रेत चाकावर भांडे करून दाखवत असताना त्याने बाटली घडवली, तिच्यावर मातीचेच झाकण बसवले आणि ‘परत घेतली जाणार नाही’ असा शीतपेयाच्या बाटलीवरचा मजकूर उमटवला. हाताने घडवलेल्या सुबक पात्राविषयी कुंभारकलेच्या जगात जी भक्तिभावना होती, तिला हा टोला होता, आणि तो त्याच जगातल्या माणसाने मारला होता. त्याचा १९६६ चा टंकलेखनयंत्राचा मातीचा नमुना पाहण्यासारखा आहे. यंत्र गचाळ, वितळल्यासारखे आहे, आणि अक्षरांच्या कळा असायच्या तिथे लाल रंगवलेल्या नखांच्या बोटांची टोके आहेत. कचेरीत दिवसभर टंकलेखन करणारी बाई आणि तिचे यंत्र यांच्यात कचेरी फरक करत नाही, हे सांगायला त्याला एक वाक्यही लागले नाही.

मालकाला न बोचणारा उपरोध किती फसवा असू शकतो, हे सिएटलच्या चार्ल्स क्राफ्टच्या प्रकरणात दिसले. तो हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या निळ्या-पांढऱ्या नक्षीत बंदुका आणि हातबॉम्ब घडवी. हिटलरच्या डोक्याच्या आकाराची चहादाणीही त्याने केली होती. संग्राहकांनी आणि संग्रहालयांनी या वस्तू हुकूमशाहीवरची तिरकस टीका म्हणून स्वीकारल्या. २०१३ मध्ये तिथल्या एका साप्ताहिकाने उघड केले की क्राफ्ट ज्यूंचा संहार झालाच नाही असे मानणाऱ्यांपैकी आणि गोऱ्या वंशवादाचा समर्थक होता. एका रात्रीत त्या चहादाणीचा अर्थ बदलला. अनेकांनी यावरून कलावंताचे विचार आणि त्याची कृती यांच्या नात्यावर चर्चा केली. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती संग्राहकांची बाजू. आपण सुजाण आहोत, आपल्याला हा विनोद कळतो, या समाधानासाठी ती चहादाणी घेतली गेली होती. तिने मालकाला एकही अडचणीचा प्रश्न विचारला नाही, म्हणून मालकानेही तिला विचारला नाही. नाझीवादावर टीका करणारा आणि त्याचा छुपा भक्त अशा दोघांच्याही कपाटात जी वस्तू सारखीच शोभते, ती उपरोध म्हणून आधीच फसलेली असते. साप्ताहिकातल्या बातमीने ते फक्त सर्वांना सांगितले.

प्रेक्षकालाच मालकाच्या जागी आणून उभे करण्याचा मोठा प्रयत्न आय वेवे या चिनी कलावंताने लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात २०१० साली केला. चिंगदेचन या पोर्सेलीनच्या जुन्या शहरातल्या सुमारे १६०० कारागिरांनी सूर्यफुलाच्या १० कोटी बिया पोर्सेलीनमध्ये घडवल्या आणि त्यांवरच्या काळ्या रेषा हाताने रंगवल्या. माओच्या काळातल्या प्रचारचित्रांत माओ सूर्य असे आणि जनता त्याच्याकडे तोंड केलेली सूर्यफुले. त्याच दिवसांत बिया हा गरिबांनी वाटून खायचा खाऊही होता. लोकांनी या बियांच्या गालिच्यावरून चालावे, अशी मूळ कल्पना होती. लंडनचा प्रेक्षक दुसऱ्या देशातल्या शेकडो हातांची दोन वर्षांची मेहनत पायाखाली करकर वाजवत फिरला असता, आणि स्वस्त आयात मालाशी त्याचे जे रोजचे नाते आहे ते त्याला तळपायाला जाणवले असते. पण चालण्याने उडणारी धूळ आरोग्याला अपायकारक ठरेल म्हणून काही दिवसांतच प्रवेश बंद झाला, आणि लोक दोरीबाहेरून त्या राखाडी पसाऱ्याकडे कौतुकाने पाहू लागले. निर्णय योग्यच होता. धुळीशी तडजोड करता येत नाही. तरी त्या कृतीचा निम्मा अर्थ त्या दोरीबरोबर गेला, असे मला वाटते, आणि उरला तो आकड्याचा अचंबा.

याच कलावंताच्या बाबतीत दुसरी घटना २०१४ मध्ये मायामीच्या एका संग्रहालयात घडली. आय वेवेने १९९५ मध्ये हान काळातला कुंभ हातातून सोडून फोडला होता, आणि त्या तीन छायाचित्रांसमोरच त्याने औद्योगिक रंगांत बुडवलेले प्राचीन कुंभ मांडलेले होते. स्थानिक कलावंतांना संग्रहालय जागा देत नाही, असे सांगत एका स्थानिक चित्रकाराने त्यांतला एक कुंभ उचलून फोडला. आय वेवेने या कृत्याला पाठिंबा दिला नाही. आपण फोडले ते आपल्या मालकीचे होते, ही त्याची भूमिका कायद्याने बरोबर आहे. दुसऱ्याची वस्तू फोडणाऱ्याची तरफदारी मीही करणार नाही. पण मालकी हीच जर फोडण्याची परवानगी असेल, तर त्या तीन छायाचित्रांत सत्तेला दिलेले आव्हान किती आणि मालकाचा अधिकार किती, हा प्रश्न त्या चित्रकाराच्या अविचाराने का होईना, पुढे आला.

अलीकडच्या काळात दोन ब्रिटिश कलावंतांनी हा प्रश्न अधिक चलाखीने हाताळला आहे. २००३ मध्ये टर्नर पारितोषिक मिळवणारा ग्रेसन पेरी मातीच्या वळ्या रचून जुन्या घाटाचे कुंभ करतो. युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या सार्वमतानंतर, २०१७ मध्ये, त्याने दोन कुंभ केले: एक बाहेर पडू पाहणाऱ्यांसाठी, दुसरा राहू पाहणाऱ्यांसाठी. दोन्ही गटांकडून त्याने समाजमाध्यमांवर छायाचित्रे मागवली, आवडता रंग विचारला, आवडत्या कंपन्यांची नावे विचारली. दोन्ही बाजूंनी निळाच रंग निवडला, आणि तयार झालेले कुंभ इतके सारखे दिसू लागले की कुठला कुणाचा ते जवळ जाऊन तपासावे लागते. दुसऱ्या बाजूला हसायला आलेला माणूस इथे आपलाच कुंभ शोधत बसतो. बार्नबी बारफर्डने २०१५ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात लंडनच्या ३००० खऱ्या दुकानांच्या बोन चायनाच्या छोट्या प्रतिकृती रचून सहा मीटर उंच मनोरा उभा केला. तळाशी बंद पडलेली, पत्रे ठोकलेली दुकाने होती आणि शिखराकडे उंची वस्तूंची दालने. प्रत्येक दुकान विक्रीला होते, खालची स्वस्त आणि वरची महाग. ९५ पौंडांपासून ६००० पौंडांपर्यंत. म्हणजे खरेदी करणाऱ्याला या मनोऱ्यात आपली पायरी निवडावी लागे, आणि खिसा हलका असेल तर बंद दुकान घरी न्यावे लागे. ज्याने हौसेने उद्ध्वस्त दुकान निवडले, त्याला तर कलावंताने अधिकच पकडले.

सरकार किंवा नगरपालिका मालक असते तेव्हा काय होते, हे सॅन फ्रान्सिस्कोने १९८१ मध्ये दाखवले. महापौर जॉर्ज मॉस्कोनी आणि नगरप्रतिनिधी हार्वे मिल्क यांचा २७ नोव्हेंबर १९७८ रोजी माजी सहकारी डॅन व्हाइट याने पालिकेच्या इमारतीतच गोळ्या घालून खून केला. आरोपीच्या मानसिक अवस्थेचे लक्षण म्हणून त्याच्या पॅकेटबंद गोड खाण्याचाही दाखला बचाव पक्षाने दिला, आणि पंचांनी त्याला खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा दोषी ठरवले. शहरात दंगल उसळली. पुढे मॉस्कोनींच्या नावाने बांधलेल्या, परिषदा भरवण्याच्या सभागृहासाठी शहराने आर्नेसनकडे मातीचा अर्धपुतळा मागितला. त्याने वर हसऱ्या, प्रसन्न मॉस्कोनींचे डोके घडवले आणि खालच्या खांबावर त्यांच्या आयुष्यातल्या गोष्टी, लकबी, म्हणी यांच्या जोडीला गोळ्यांची भोके, बंदुकीचे नाव आणि त्या गोड पदार्थाची आकृती खरडली. उद्घाटनाला खांब कापडाने झाकला गेला. नव्या महापौर डायान फाइनस्टाइन यांनी खांब बदलण्याची मागणी केली, आर्नेसनने नकार दिला, कला आयोगाने कलाकृती नाकारली आणि आर्नेसनने घेतलेले पैसे परत केले.

मृताच्या कुटुंबाला त्या खांबावरची भोके पाहवणार नाहीत, हा विचार मी हलका मानत नाही. फाइनस्टाइन स्वतः त्या दिवशी इमारतीत होत्या, त्यांना तर आठवणीची गरज नव्हती. तरीही माझ्या मते आयोगाने चूक केली. त्या खांबावरचा उपरोध मॉस्कोनींचा नव्हता, खुन्याचाही फारसा नव्हता. पॅकेटबंद खाऊचा बचाव ऐकून घेणाऱ्या आणि मग आपल्या महापौराचे नाव एका सभागृहाला देऊन मोकळे होणाऱ्या शहराचा होता. शहर मालक होते, आणि मालकाला बोचले म्हणून वस्तू परत गेली. पुढे ती खासगी हातांत गेली आणि २०१२ मध्ये त्याच शहरातल्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने मिळवली. तिथे ती कुणालाही अडचणीत आणत नाही, कारण कलादालनात आलेला माणूस स्वतःला त्या पंचांचा वारस समजत नाही. परिषदेसाठी बिल्ला लावून येणाऱ्या हजारो लोकांच्या वाटेत ती असती, तर निदान काहींनी विचारले असते की या हसऱ्या माणसाच्या खाली गोळ्यांची भोके का आहेत.

म्हणून सार्वजनिक पैशातून अशी कला घेणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. वस्तूच्या पाटीवर ती कुणी बनवली, केवढ्याला विकली गेली, कुणाच्या घरात होती आणि तिथे कोण जेवायला बसे, हेही लिहावे. साखरदाणी रिकामी न ठेवता तिच्याशेजारी त्या काळच्या दोन्ही साखरांचे भाव आणि त्यांचा उगम मांडावा. कोचितीच्या आकृतीखाली ती ज्याने विकत घेतली त्याचे छायाचित्र उपलब्ध असेल तर लावावे. नवी कलाकृती घेताना निवड समितीने आधी स्वतःला विचारावे की हिच्यात आपल्यावर, आपल्या देणगीदारांवर, आपल्या प्रेक्षकांवर काही बोट आहे काय, आणि नसेल तर ती शोभेची वस्तू म्हणून घ्यावी, भाष्य म्हणून नव्हे. शोभेच्या वस्तूत कमीपणा काही नाही. आणि पालिका जेव्हा एखाद्या कलावंताकडून तिखट काम मागवते, तेव्हा करारातच लिहावे की मांडल्यानंतर ठरावीक वर्षे ते हलवता येणार नाही, आणि ती वर्षे पुढच्या निवडणुकीपेक्षा जास्त असावीत.